बँक खाते बदलल्याचा मेल: एका द्राक्ष निर्यातदाराच्या ईमेल फसवणुकीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातील एका मध्यम आकाराच्या द्राक्ष निर्यातदार कंपनीचे आहे. कंपनी, खरेदीदार आणि बँका यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि रकमाही मुद्दाम दिलेल्या नाहीत. घटनांचा क्रम आणि तांत्रिक बाबी मात्र घडल्या तशाच मांडल्या आहेत. या तपासात माझाही सहभाग होता.

कंपनीचा व्यवसाय हंगामी आहे. जानेवारी ते एप्रिल या काळात स्वतःच्या आणि करारावरील बागांमधून माल येतो, पॅकहाऊसमध्ये प्रतवारी आणि प्रीकूलिंग होते आणि शीतकंटेनर न्हावा शेवा बंदरातून नेदरलँड्सकडे रवाना होतात. माल तिकडे पोहोचून त्याची गुणवत्ता तपासली गेली की उरलेली रक्कम खरेदीदार पाठवतो. त्यामुळे मार्च महिन्यात एकाच वेळी अनेक कंटेनर समुद्रात असतात आणि अनेक बिले थकलेली असतात. हा सारा व्यवहार ईमेलवर चालतो: पॅकिंग लिस्ट, फायटोसॅनिटरी (मालावर कीड-रोग नसल्याच्या) प्रमाणपत्राची प्रत, बिल, भावातील कपातीची बोलणी आणि बँकेचे तपशीलसुद्धा.

ज्या ईमेलवर हे सगळे अवलंबून होते त्याची व्यवस्था फार साधी होती. कंपनीचे स्वतःचे डोमेन (इंटरनेटवरील नाव, ईमेल पत्त्यातील @ नंतरचा भाग) होते आणि संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या व्यक्तीनेच ते एका सामायिक होस्टिंगवर ठेवले होते. मेलबॉक्स त्याच सर्व्हरवर होते. डोमेनच्या डीएनएस नोंदी (त्या नावाचे संकेतस्थळ आणि मेल कोणत्या सर्व्हरवर आहेत हे सांगणाऱ्या सार्वजनिक नोंदी) कोण बदलू शकतो, हे कंपनीत कोणालाही ठाऊक नव्हते. हिशेब पाहणाऱ्या बाई ऑफिसातील संगणकावर मेल प्रोग्रॅम वापरत, घरून वेबमेल उघडत आणि मोबाइलवरही तेच खाते जोडलेले होते. अशा कंपन्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि बहुतेकांची व्यवस्था थोड्याफार फरकाने अशीच असते.

समस्या

२०२३ च्या हंगामात मार्चच्या मध्यावर मालकांनी दोन कंटेनरच्या थकलेल्या पैशांबाबत खरेदीदाराला फोन केला. पैसे कधीच पाठवले आहेत, तुमच्याच मेलमध्ये दिलेल्या नव्या खात्यात भरले आहेत, असे उत्तर मिळाले. कंपनीने असा मेल पाठवलेला नव्हता. त्या मेलसोबत कंपनीच्या लेटरहेडवर एक पत्र होते. लेखापरीक्षणामुळे भारतातील खाते तात्पुरते बंद असल्याने रक्कम युरोपातील वसुली खात्यात जमा करावी, असे त्यात म्हटले होते. बिलांचे क्रमांक, कंटेनरचे क्रमांक आणि देय रक्कम हे सारे अचूक होते.

पत्रातील खात्याला आयबॅन, म्हणजे युरोपात वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक होता. भारत आयबॅन पद्धत वापरत नाही. भारतीय निर्यातदाराला पैसे पाठवताना खाते क्रमांक आणि बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. खरेदीदाराच्या लेखा विभागाने याआधी याच कंपनीला अनेकदा रक्कम पाठवली होती, तरी हा बदल तिथे कोणाला खटकला नाही. उलट रोजच्या सवयीचा आयबॅन आल्यामुळे व्यवहार सोपाच झाला असावा.

दोन्ही बाजूंनी लगेच एकमेकांवर बोट ठेवले. खरेदीदाराचे म्हणणे असे की मेल तुमच्या डोमेनवरून आला आहे, आमच्या सर्व्हरने तो तपासला आहे आणि एसपीएफ व डीकिम या मेल पाठवणारा पडताळणाऱ्या दोन्ही चाचण्या 'पास' दाखवत आहेत, तेव्हा जबाबदारी तुमची. कंपनीचे म्हणणे असे की आमच्या 'सेंट' फोल्डरमध्ये असा मेलच नाही. मालकांना संशय होता तो पॅकहाऊसच्या वायफायचा, कारण त्याचा एकच पासवर्ड हंगामात येणाऱ्या प्रत्येक सुपरवायझरला माहीत होता.

पहिला निर्णय: आधी बँक की आधी संगणक

फसवणूक लक्षात आल्यावर पहिल्या काही तासांत काय करायचे, यावर कंपनीत मतभेद होता. पासवर्ड बदलून संगणक फॉरमॅट करावेत, असे एका गटाला वाटत होते. प्रत्यक्षात आधी खरेदीदाराला त्याच्या बँकेमार्फत रक्कम परत मागवण्याची विनंती करायला सांगितले गेले, त्याच वेळी इकडे १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली गेली. हा क्रम बरोबर होता, असे माझे ठाम मत आहे. अशा खात्यात आलेला पैसा फार वेळ थांबत नाही, तर संगणकावरील पुरावा काही तास जपता येतो. संगणक फॉरमॅट केले असते, तर पुढचा तपासच अशक्य झाला असता.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी कोणालाच आठवली नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्र सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्या संस्थेला कळवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. ती नोंद उशिरा झाली.

तपास: मेल नेमका कुठून आला

खरेदीदाराने संशयित मेल फॉरवर्ड करून पाठवला होता. तो तपासासाठी निरुपयोगी होता, कारण फॉरवर्ड करताना नवा मेल तयार होतो आणि मूळ मेलचे हेडर (मेल कुठून, कसा आला हे सांगणाऱ्या तांत्रिक ओळी) त्यात उरत नाहीत. मूळ मेल फाइल म्हणून जतन करून जोडपत्राच्या रूपात पाठवायला सांगितल्यावर खरे चित्र दिसू लागले.

इथे मेल पाठवण्याच्या एसएमटीपी या प्रोटोकॉलची (नियमसंचाची) घडण समजून घ्यावी लागते. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात तो मांडला, तेव्हा इंटरनेटवरील संगणक थोडे होते आणि ते चालवणाऱ्यांचा परस्परांवर विश्वास होता. या प्रोटोकॉलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता दोन ठिकाणी येतो. एक पत्ता सर्व्हर एकमेकांना सांगतात, तो पाकिटावरील पत्त्यासारखा. दुसरा पत्ता मेलच्या आत 'फ्रॉम' या ओळीत असतो आणि वाचणाऱ्याला पडद्यावर तेवढाच दिसतो. हे दोन्ही पत्ते एकच असावेत, अशी सक्ती एसएमटीपी करत नाही.

एसपीएफची नोंद डोमेनच्या मालकाने डीएनएसमध्ये ठेवायची असते आणि आपल्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात हे तिच्यात लिहिलेले असते. मात्र ही चाचणी पाकिटावरच्या पत्त्याची होते. गुन्हेगाराने पाकिटावर स्वतःचे डोमेन लिहिले होते, त्या डोमेनची एसपीएफ नोंद व्यवस्थित होती आणि म्हणून चाचणी 'पास' झाली. डीकिममध्ये पाठवणारा सर्व्हर खासगी किल्लीने मेलवर डिजिटल सही करतो आणि घेणारा सर्व्हर डीएनएसमधील सार्वजनिक किल्लीने ती पडताळतो. सही कोणत्या डोमेनची आहे हे त्या सहीतच लिहिलेले असते. इथे सहीही गुन्हेगाराच्याच डोमेनची होती आणि तीही खरी होती. म्हणजे खरेदीदाराच्या सर्व्हरने दाखवलेले दोन्ही 'पास' शब्दशः बरोबर होते, फक्त ते द्राक्ष कंपनीच्या डोमेनबद्दल नव्हते. हेडरमधील 'पास'च्या पुढे लिहिलेले डोमेन कोणी वाचलेच नव्हते. या एका ओळीवर दोन कंपन्यांचा पंधरवडाभर वाद चालला.

'फ्रॉम'मध्ये दिसणारे डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकिमने सिद्ध झालेले डोमेन जुळते का, हे पाहणारा प्रोटोकॉल म्हणजे डीमार्क. मार्च २०१५ मध्ये तो आरएफसी ७४८९ म्हणून प्रसिद्ध झाला. न जुळणाऱ्या मेलचे काय करावे हे डोमेनचा मालक त्याच्या नोंदीत सांगतो: 'नन' म्हणजे काही करू नका, फक्त अहवाल पाठवा, 'क्वारंटाइन' म्हणजे स्पॅममध्ये टाका, 'रिजेक्ट' म्हणजे घेऊच नका. कंपनीच्या डोमेनवर डीमार्कची नोंदच नव्हती. त्यामुळे खरेदीदाराच्या सर्व्हरला तो मेल अडवण्यास काही आधार नव्हता.

मेलच्या 'रिप्लाय-टू' ओळीत आणखी एक पत्ता होता. ते डोमेन कंपनीच्या नावासारखेच होते, फक्त इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही अक्षरे शेजारी शेजारी लिहिलेली होती. खरेदीदाराने शंका विचारण्यासाठी पाठवलेले उत्तर त्या डोमेनवर गेले आणि शंकेचे निरसन गुन्हेगारानेच केले.

तपास: बिलाचे तपशील त्याला कसे कळले

बनावट मेल बाहेरून आला होता, एवढ्यावर तपास थांबवण्याचा मोह मोठा होता. त्यामुळे कंपनीवरचा ठपका हलका होत होता. पण बाहेरच्या माणसाला बिलांचे अचूक क्रमांक आणि तारखा कशा कळल्या, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

वायफायची शंका आधी तपासली. डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत सर्वांचा एकच पासवर्ड असेल, तर तो माहीत असलेली व्यक्ती जोडणीच्या वेळची देवाणघेवाण पकडून इतरांची वायफायवरील वाहतूक उलगडू शकते. मालकांची भीती निराधार नव्हती. परंतु हिशेबाच्या संगणकाचा मेल प्रोग्रॅम मेल वाचण्याच्या आयमॅप या प्रोटोकॉलच्या ९९३ या पोर्टवर, म्हणजे टीएलएस या कूटलेखनाच्या आवरणातून बोलत होता. वायफायचे कूटलेखन उलगडले तरी आतले टीएलएस उलगडत नाही. पॅकहाऊसमधील एक जुना संगणक मात्र मेल उतरवून घेण्याच्या पॉप-३ या प्रोटोकॉलच्या ११० पोर्टवर उघडा पासवर्ड पाठवत होता. त्याचा बिलांशी संबंध नव्हता, तरी तो त्याच दिवशी दुरुस्त केला. राउटरच्या नोंदींतून काहीच हाती लागले नाही. इंटरनेटवरून वेळ जुळवणारी एनटीपी सेवा बंद असल्याने त्याचे घड्याळ प्रत्येक वेळी वीज गेल्यावर १ जानेवारी १९७० पासून सुरू होत होते.

उत्तर मेल सर्व्हरवर सापडले. हिशेबाच्या मेलबॉक्समध्ये सर्व्हरच्या पातळीवर एक फिल्टर लावलेला होता. खरेदीदाराकडून आलेला आणि 'पेमेंट' किंवा 'बँक' हा शब्द असलेला प्रत्येक मेल तो वाचलेला म्हणून खूण करून एका दुर्लक्षित फोल्डरमध्ये हलवत होता. खरेदीदाराचे दोन खरे चौकशीचे मेल तिथेच पडून होते. सर्व्हरच्या लॉगमध्ये परदेशी आयपी पत्त्यांवरून आयमॅपने केलेले यशस्वी लॉगिन दिसले. लॉगमधील वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, मेलमधील वेळा नेदरलँड्सच्या आणि फोनच्या नोंदी भारतीय वेळेत होत्या. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास पुढे जातात आणि भारताशी असलेला फरक साडेचार तासांवरून साडेतीन तासांवर येतो, याचाही हिशेब ठेवावा लागला. तो ठेवला तेव्हाच कोणती घटना आधी घडली हे निश्चित झाले.

पासवर्ड गेला होता तो 'मेलबॉक्स भरला आहे, पुन्हा लॉगिन करा' अशा मेलमुळे. त्यातील दुव्यावरचे पान हुबेहूब वेबमेलसारखे होते आणि ब्राउझरमध्ये कुलूपही दिसत होते. त्या कुलपामागचे एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र एवढेच सांगते की पत्त्याच्या पट्टीत लिहिलेल्या डोमेनशीच तुमची कूटबद्ध जोडणी झाली आहे. ते डोमेन कोणाचे आहे आणि त्याचा हेतू काय आहे, हे ते सांगत नाही. अशी प्रमाणपत्रे आज विनामूल्य आणि आपोआप मिळतात. कुलूप पाहा म्हणजे झाले, हा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला आणि या बाईंनी तो पाळला होता. त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरले असते आणि मालकांनीही तो दिला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत स्वस्त पर्याय होता पासवर्ड बदलून पुढे जाण्याचा. तो अपुरा होता, कारण सर्व्हरवरचा फिल्टर पासवर्ड बदलल्याने जात नाही आणि नक्कल करून मेल पाठवायला पासवर्ड लागतच नाही.

सगळे मेलबॉक्स मोठ्या सेवेकडे हलवणे हा दुसरा पर्याय. तिथे डीकिम आणि दुहेरी पडताळणी तयार मिळते, लॉगही नीट राहतात. अडचण हंगामाची होती. समुद्रात कंटेनर असताना मेल एक दिवस जरी बंद पडला, तरी बंदरातील कागदपत्रे अडकतात. जुन्या होस्टिंगवर राहून दुहेरी पडताळणी सुरू करणे हा तिसरा मार्ग, पण त्या होस्टिंगवर ती फक्त वेबमेलला लागू होत होती आणि आयमॅप केवळ पासवर्डवर उघडेच राहत होते. गुन्हेगार नेमका त्याच वाटेने आला होता.

डीमार्क थेट 'रिजेक्ट'वर लावावे, असा मालकांचा आग्रह होता आणि तो समजण्यासारखा होता. तरीही मी त्याला विरोध केला. कंपनीच्या नावाने मेल पाठवणाऱ्या सगळ्या यंत्रणांची यादी कोणाकडेच नव्हती आणि ती नसताना 'रिजेक्ट' लावले, तर खरी बिलेच परत फिरण्याचा धोका होता.

केलेली कृती

आधी पुरावे जतन केले: फिल्टरचे चित्र, सर्व्हरचे लॉग, मूळ मेलच्या फाइल. मग फिल्टर काढला, सर्व पासवर्ड बदलले, चालू सत्रे बंद केली आणि डोमेनच्या डीएनएसचा ताबा संकेतस्थळवाल्याकडून कंपनीच्या नावावर घेतला. या शेवटच्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण डोमेनची नोंदणी त्याच्या वैयक्तिक ईमेलवर होती.

त्याच आठवड्यात डीमार्कची नोंद 'नन' या धोरणाने लावली आणि अहवाल एका वेगळ्या मेलबॉक्सकडे वळवले. मोठ्या मेल सेवा रोज एक्सएमएल स्वरूपात हे अहवाल पाठवतात. कोणत्या आयपी पत्त्यावरून आपल्या नावाने किती मेल आले आणि ते चाचण्यांत जुळले की नाही, हे त्यांत असते. अपेक्षित सर्व्हरखेरीज एक यंत्रणा त्यांत दिसली. हिशेबाचे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवरून कंपनीच्या नावाने बिले पाठवत होते; त्यासाठी डोमेनवर वेगळी डीकिम किल्ली ठेवली. संकेतस्थळावरील चौकशीचा फॉर्म मात्र चौकशी करणाऱ्याचाच पत्ता 'फ्रॉम'मध्ये घालून मेल पाठवत होता, म्हणून तो या अहवालांत दिसत नव्हता. तिथे कंपनीचा पत्ता घातला आणि चौकशी करणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये नेला. एसपीएफ नोंदीत एकेक सेवा जोडत जाताना दहा डीएनएस चौकश्यांची मर्यादा ओलांडली गेली आणि संपूर्ण नोंदच त्रुटी दाखवू लागली. वापरात नसलेल्या दोन सेवा काढल्यावर ती पूर्ववत झाली.

हंगाम संपताच मेलबॉक्स मोठ्या सेवेकडे हलवले आणि केवळ पासवर्डवर चालणारे आयमॅप बंद केले. हिशेबाच्या खात्यासाठी एसएमएसने येणाऱ्या कोडऐवजी सुरक्षा किल्ली (लॉगिनसाठी संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) घेतली. कोड माणूस बनावट पानावरही टाइप करतो आणि गुन्हेगार तो लगेच खऱ्या पानावर वापरतो. सुरक्षा किल्लीचे उत्तर मूळ डोमेनशी बांधलेले असते, त्यामुळे दुसऱ्या डोमेनवर ते चालत नाही. डीमार्क आधी 'क्वारंटाइन'वर आणि अहवाल स्वच्छ दिसू लागल्यावर 'रिजेक्ट'वर नेले. 'रिजेक्ट'नंतर बागायतदारांच्या एका ईमेल गटावर कंपनीचे मेल पोहोचेनासे झाले. तो गट विषयाच्या ओळीत स्वतःचे नाव जोडत असल्याने डीकिमची सही मोडत होती. गट चालवणाऱ्यांनी 'फ्रॉम'मध्ये गटाचा पत्ता घालण्याची सोय सुरू केली आणि अडचण सुटली.

या सगळ्याच्या जोडीला एक नियम दोन्ही कंपन्यांनी करारात लिहिला: बँक खात्यातील कोणताही बदल आधीपासून नोंदवलेल्या फोन क्रमांकावर, दोन ठरलेल्या व्यक्तींमध्ये बोलणे झाल्याशिवाय अमलात येणार नाही. बदल कळवणाऱ्या मेलमध्ये दिलेला क्रमांक यासाठी वापरायचा नाही.

परिणाम

दोन बिलांपैकी दुसऱ्या बिलाची रक्कम खरेदीदाराच्या बँकेच्या विनंतीनंतर त्या खात्यात गोठवली गेली आणि काही महिन्यांनी परत आली. पहिल्या बिलाची रक्कम आधीच काढली गेली होती. तिच्यावरून कायदेशीर नोटिसांपर्यंत गोष्ट गेली, पण हेडरचे विश्लेषण दोन्ही बाजूंनी एकत्र बसून वाचल्यावर वादाचा सूर बदलला. मेलबॉक्स कंपनीचा फुटला होता आणि खाते न पडताळता रक्कम खरेदीदाराने पाठवली होती, हे दोघांनीही मान्य केले. तोटा वाटून घेण्यात आला आणि खरेदीदाराने आपला वाटा पुढील हंगामाच्या भावात सामावून घेतला. निर्यातीची रक्कम त्या वेळच्या नऊ महिन्यांच्या मुदतीत पूर्ण न आल्याने कंपनीला आपल्या बँकेकडे सविस्तर खुलासा करावा लागला.

पुढच्या हंगामात खरेदीदाराला पुन्हा खाते बदलाचा एक मेल आला. तो नावासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या एका डोमेनवरून होता. ते डोमेन गुन्हेगाराचेच असल्याने एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्ही चाचण्या त्याने रीतसर पार केल्या. लेखा विभागाने नियमाप्रमाणे नाशिकला फोन केला आणि व्यवहार तिथेच थांबला.

वेगळे काय करता आले असते

डीमार्कची नोंद 'नन'वर लावायला पैसे लागत नाहीत आणि तिने कोणताही मेल अडत नाही. ती हंगामाआधी असती, तर नक्कल थांबली नसती, पण परक्या सर्व्हरवरून आपल्या नावाने मेल जाऊ लागल्याचे अहवालात दिसू शकले असते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने (जीमेलच्या बाबतीत दिवसाला ५,००० हून अधिक) मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचे केले. एवढे मेल न पाठवणाऱ्या छोट्या निर्यातदारांवर तशी सक्ती नाही, म्हणून त्यांच्याकडे ते अजूनही राहून जाते.

लॉगच्या बाबतीत कंपनी कमी पडली. सर्ट-इनचे निर्देश १८० दिवसांचे लॉग राखायला सांगतात, तर त्या होस्टिंगवर ते त्याहून बरेच आधी पुसले जात होते. त्यामुळे गुन्हेगार मेलबॉक्समध्ये पहिल्यांदा कधी शिरला, हे ठरवता आले नाही आणि आधीच्या हंगामातील कागदपत्रेही त्याने वाचली असावीत असे धरूनच सर्व खरेदीदारांना कळवावे लागले.

खरेदीदाराच्या बँकेने खातेदाराचे नाव आणि आयबॅन जुळवून पाहिले असते, तर विसंगती कदाचित तिथेच उघड झाली असती. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातील बँकांना ही पडताळणी द्यावीच लागते, त्यामुळे आज असाच व्यवहार करताना खरेदीदाराला निदान नाव जुळत नसल्याची सूचना मिळेल. मात्र भारतातील खात्यांना ही सोय लागू नाही आणि भारतातील खऱ्या खात्याऐवजी भारतातीलच दुसरे खाते दिले गेले, तर तिचा उपयोग होणार नाही.

एक दरवाजा अजून उघडा आहे. खरेदीदाराच्या स्वतःच्या डोमेनवरील डीमार्क हे लिहीपर्यंत 'नन'वरच आहे. म्हणजे त्याच्या नावाने नाशिकला खोटी ऑर्डर किंवा कपातीची खोटी सूचना आजही येऊ शकते. कंपनीने हे त्याला लेखी कळवले असून, ते बदलेपर्यंत त्याच्याकडून येणाऱ्या भावकपातीच्या प्रत्येक मेलवरही फोनचा तोच नियम लागू केला आहे.